द्राक्षाचा चोथा : आरोग्य कोणाचे आणि नफा कोणाचा?

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय जाहीर केला आणि राज्यभर वादंग माजले. निर्णयाचे समर्थन शेतकऱ्याच्या नावाने झाले. द्राक्ष उत्पादकाला बाजारपेठ मिळेल, असे सांगण्यात आले. वाईनच्या बाजूने नेहमी केला जाणारा दुसरा युक्तिवादही अशा वेळी हटकून पुढे येतो. वाईन ही दारू नव्हेच, ती हृदयाला हितकर आहे, असा तो युक्तिवाद. विरोधकांनी नैतिकतेच्या भूमिकेवरून टीका केली, समर्थकांनी उत्पन्नाचे आकडे मांडले. मात्र शेतकऱ्याचे हित आणि हृदयाचे आरोग्य हे दोन्ही दावे ज्या एका वस्तूपाशी तपासून पाहता येतात, तिचा उल्लेख या वादात क्वचितच झाला. ती वस्तू म्हणजे रस काढून घेतल्यावर वायनरीच्या मागच्या बाजूला पडून राहणारा द्राक्षाचा चोथा.

शंभर किलो द्राक्षांपासून वाईन करताना साधारण वीस ते पंचवीस किलो चोथा उरतो. त्यात साली, बिया आणि थोडे देठ असतात. जगात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी जवळजवळ निम्मी वाईनसाठी जातात. म्हणजे दरवर्षी उरणारा चोथा सत्तर-ऐंशी लाख टनांच्या घरात जातो. त्याचे काही ठिकाणी ऊर्ध्वपातन होऊन मद्यार्क निघतो, टार्टारिक आम्ल निघते, बियांचे तेल निघते. उरलेला चोथा गुरांपुढे टाकला जातो किंवा खताच्या खड्ड्यात जातो. द्राक्षाला रंग आणि तुरटपणा देणारी पॉलिफिनॉल वर्गातील द्रव्ये गरात अत्यल्प असतात; त्यांचा फार मोठा वाटा बियांत आणि उरलेला बहुतांशी सालीत असतो. आंबवण्याच्या क्रियेत त्यांतला काही अंशच वाईनमध्ये उतरतो. पांढऱ्या वाईनसाठी तर रस आधीच गाळून घेतात, त्यामुळे त्या चोथ्यात ही द्रव्ये जवळजवळ जशीच्या तशी राहतात. सारांश, ज्या द्रव्यांच्या पुण्याईवर वाईन आरोग्यदायी म्हणून मिरवते, ती बाटलीपेक्षा उकिरड्यावर अधिक असतात.

फ्रेंच कोड्याची कहाणी

वाईन आणि हृदय यांचे नाते जगभर रूढ झाले ते १९९० नंतरच्या दशकात. लोणी, चीज भरपूर खाणाऱ्या फ्रेंचांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी का, या प्रश्नाला 'फ्रेंच कोडे' असे नाव मिळाले. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात या कोड्याचे उत्तर तांबड्या वाईनमध्ये असल्याचे सुचवण्यात आले आणि तेथे तिचा खप एकदम वाढला. १९९२ मध्ये सर्ज रनो आणि मिशेल द लॉर्जरिल या फ्रेंच संशोधकांचा निबंध 'लान्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. एका शास्त्रीय अनुमानाला पाहता पाहता जाहिरातीचे रूप आले.

पुढील तीस वर्षांत या अनुमानाचे काय झाले, हे मात्र जाहिरातीत सांगितले जात नाही. फ्रेंच आहारात प्राणिज चरबी वाढली ती तुलनेने उशिरा आणि तिचे परिणाम दिसायला काही दशके लागतात, असे स्पष्टीकरण मॅल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड यांनी १९९९ मध्ये मांडले. जेवणाबरोबर पेलाभर वाईन घेणारा माणूस बहुधा सुस्थितीतला, शिकलेला, वैद्यकीय सेवा परवडणारा असतो. त्याचे आरोग्य चांगले असेल तर त्याचे श्रेय पेल्याला द्यायचे की त्याच्या वर्गीय स्थितीला? २०२३ मध्ये १०७ अभ्यासांचा एकत्र विचार करून झालेल्या विश्लेषणात, पूर्वीच्या अभ्यासांतील असे दोष दूर केल्यावर अल्प मद्यपानाचा आयुर्मानास लाभ होत असल्याचे दिसले नाही. मद्य हे कर्ककारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दिला होता. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

वाईनमधील एकच द्रव्य उचलून त्याला संजीवनी ठरवण्याचाही प्रयोग झाला. रेस्व्हेराट्रॉल या द्रव्यावर आशा ठेवून ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००८ मध्ये सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०१३ मध्ये तिचे कार्यालय बंद केले. याच द्रव्याचे गोडवे गाणारे कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधक दीपक दास यांच्या संशोधनात माहिती बनावट असल्याचे वा तीत फेरफार केल्याचे १४५ प्रकार विद्यापीठाच्या चौकशीत आढळले, हे जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झाले. वाईनच्याच प्रदेशात, इटलीतील कियांती भागात, पासष्ट वर्षांवरील ७८३ लोकांची अनेक वर्षे पाहणी करण्यात आली. आहारातून मिळणाऱ्या रेस्व्हेराट्रॉलचा हृदयविकार, कर्करोग वा आयुर्मान यांच्याशी काहीही संबंध नसल्याचा निष्कर्ष २०१४ मध्ये निघाला.

रक्तवाहिनीचे अस्तर

असे असले तरी द्राक्षाच्या साली-बियांत काहीच नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूस पेशींचा एकपदरी थर असतो. तो केवळ आच्छादनासाठी नसतो. रक्तवाहिनी सैल होण्यासाठी हा थर शाबूत असावा लागतो, असे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले. या थरातून स्रवणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. हाच थर एंडोथेलिन हे वाहिनी आवळणारे द्रव्यही निर्माण करतो. या दोहोंचा तोल बिघडला की रक्तदाब वाढतो आणि वाहिनीच्या भिंती कठीण होत जातात.

१९९३ मध्ये फ्लोरिडातील डेव्हिड फिट्झपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या महारोहिणीच्या कड्यांवर प्रयोग केले. वाईनने त्या कड्या सैल झाल्या, पण द्राक्षाच्या रसाने आणि सालीच्या अर्कानेही झाल्या. परिणाम मद्यार्काचा नसून फळाचा होता, हे त्याच वेळी दिसून आले होते. लंडन येथील रॉजर कॉर्डर यांनी २००१ मध्ये वाईनमधील द्रव्यांनी एंडोथेलिनची निर्मिती घटते असे दाखवले आणि २००६ मध्ये ती द्रव्ये मुख्यतः प्रोसायनिडिन असल्याचे मांडले. ही द्रव्ये बियांत विपुल असतात.

परंतु परीक्षानळीतील रक्तवाहिनी आणि माणसाच्या शरीरातील रक्तवाहिनी यांत मोठे अंतर आहे. प्रोसायनिडिनचे मोठे रेणू आतड्यातून रक्तात फारसे जात नाहीत. आतड्यातील जंतू त्यांचे तुकडे करतात आणि ते तुकडे शोषले जातात. म्हणून अंतिम निवाडा माणसांवरील चाचण्यांनीच करावा लागतो. २०११ मध्ये द्राक्षबियांच्या अर्काच्या नऊ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. एकूण ३९० माणसे. वरचा रक्तदाब सरासरी दीड मिलिमीटरने उतरला, कोलेस्टेरॉलवर परिणाम दिसला नाही. २०१६ मध्ये सोळा चाचण्या आणि ८१० माणसे यांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा ही घट सुमारे सहा मिलिमीटर भरली. चिलीमध्ये ३८ पुरुषांवर झालेल्या एका प्रयोगात काहींना सोळा आठवडे रोज वीस ग्रॅम चोथ्याचे पीठ देण्यात आले. त्यांचा रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर कमी झाल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. वरचा रक्तदाब दहा मिलिमीटरने उतरला तर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे एक पंचमांशाने घटतात, हे औषधांच्या मोठ्या चाचण्यांवरून ठाऊक आहे. त्या मापाने चोथ्याचा गुण अगदीच नगण्य नाही आणि चमत्कारिकही नाही. चाचण्या लहान, त्यांचा कालावधी आठवड्यांचा, आणि त्यांचे निकाल दीडपासून सहापर्यंत विखुरलेले. झटका वा पक्षाघात टळतो की नाही, हे अशा चाचण्यांतून कळूच शकत नाही. ते कळण्यासाठी केवढे काम लागते, याचे उदाहरण कोकोचे आहे. कोकोमध्ये याच कुळातली द्रव्ये असतात. अमेरिकेत २१,४४२ लोकांवर सरासरी साडेतीन वर्षांहून अधिक काळ चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला, तेव्हा हृदयविकारजन्य मृत्यू कमी दिसले, पण मुख्य कसोटीवर, म्हणजे एकूण गंभीर घटनांच्या संख्येवर, निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. या चाचणीस चॉकलेट विकणाऱ्या मार्स कंपनीचाही पैसा होता. द्राक्षबियांची अशी चाचणी झालेली नाही. करणार कोण? ज्याला विक्रीतून पैसा मिळवायचा आहे त्याला अर्धवट पुरावाच अधिक सोयीचा असतो.

टाकाऊ वस्तूची किंमत

येथून प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. उत्पादनातील टाकाऊ द्रव्यांचा पुनरुपयोग हा विषय कार्ल मार्क्सने 'भांडवला'च्या तिसऱ्या खंडातील पाचव्या प्रकरणात स्वतंत्रपणे हाताळला आहे. उत्पादन मोठ्या प्रमाणावर होऊ लागले, यंत्रे सुधारली आणि शास्त्राने टाकाऊ वस्तूचे गुण उघड केले की कालचा कचरा आजचा कच्चा माल होतो आणि नफ्याचा दर वाढतो, हे त्याचे विवेचन आहे. चोथ्याच्या बाबतीत या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या आहेत. प्रश्न उरतो तो वाढलेल्या मूल्याच्या वाटपाचा.

फ्रान्सचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. फायलॉक्सेरा किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त झाल्यावर तेथे चोथ्यात पाणी आणि साखर घालून पुन्हा आंबवलेली 'वाईन' बाजारात आली. भाव कोसळले आणि १९०७ मध्ये दक्षिणेकडील लाँगदॉक प्रांतातील लाखो द्राक्ष उत्पादक आणि मजूर रस्त्यावर उतरले. नार्बोन येथे सैन्याने गोळीबार केला, तर एका पलटणीने बंड पुकारले. त्या जूनच्या अखेरीस भेसळीविरुद्ध कायदा करणे सरकारला भाग पडले. याच प्रांतातील मारोसाँ या गावी १९०१ मध्ये लहान उत्पादकांनी सहकारी संघ काढला होता. तो आपली वाईन पॅरिसच्या ग्राहक सहकारी संस्थांना थेट विकत असे. समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी १९०५ मध्ये तेथे जाऊन हा प्रयोग पाहिला. मध्यस्थाच्या हाती चोथा लबाडीचे साधन होतो आणि उत्पादकांच्या संघटनेच्या हाती तोच उत्पन्नाचा मार्ग होऊ शकतो, हे या प्रांताने अनुभवले. पुढे दक्षिण फ्रान्समध्ये चोथ्यावर प्रक्रिया करणाऱ्या सहकारी आसवन्या उभ्या राहिल्या, त्या या परंपरेतूनच.

औषधाच्या बाजारात मात्र मार्ग वेगळा झाला. बोर्दो विद्यापीठातील जाक मास्कलिये यांनी १९४७ मध्ये शेंगदाण्याच्या लाल टरफलातून रक्तवाहिन्या बळकट करणारे द्रव्य वेगळे काढले. ज्या टरफलाला घराघरांत पाखडून फेकले जाते, त्यातून १९५० मध्ये औषध तयार झाले. पुढे तीच द्रव्ये पाइनच्या सालीतून आणि द्राक्षबियांतून काढण्यात आली. १९८७ मध्ये अशा अर्काचे अमेरिकन पेटंट मिळाले. फ्रान्समध्ये पायांच्या शिरांच्या विकारावर द्राक्षबियांच्या अर्काच्या गोळ्या दीर्घकाळ दिल्या गेल्या. परंतु अशा औषधांचा लाभ पुरेसा सिद्ध होत नाही, असे ठरल्यावर १ जानेवारी २००८ पासून फ्रेंच सामाजिक विमा योजनेने या वर्गातील औषधांचा खर्च देणे बंद केले. सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेने पुरावा मागितला. खासगी बाजाराने तो मागितला नाही, आणि द्राक्षबियांच्या कॅप्सूल 'पूरक आहार' या नावाखाली विकल्या जातच आहेत. औषध म्हटले तर सिद्ध करावे लागते, आहार म्हटले तर नुसते सुचवले तरी भागते.

नाशिकच्या वायनऱ्या आणि उसाचा धडा

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आखले. विंचूर आणि पलूस येथे वाईन उद्यानांची योजना झाली, अबकारी सवलती मिळाल्या, आणि कराराने वाईनची द्राक्षे लावण्यास शेतकऱ्यांना उत्तेजन देण्यात आले. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घसरली तेव्हा अनेकांच्या द्राक्षांना गिऱ्हाईक राहिले नाही आणि उभ्या बागा तोडाव्या लागल्या. वाईनची द्राक्षे टेबलावर खाण्याच्या उपयोगाची नसतात, त्यामुळे करार मोडला की शेतकऱ्यापुढे दुसरा बाजार नसतो. धोका शेतकऱ्याचा आणि सवलत कारखानदाराची, असा या धोरणाचा ताळेबंद झाला.

आता चोथ्याला भाव आला तर त्यातले काय शेतकऱ्याकडे येईल? द्राक्षे किलोवर विकली जातात. साल आणि बी त्या किलोतच मोजलेली असतात, पण त्यांच्या गुणाची किंमत त्यात धरलेली नसते. उसाच्या बाबतीत हाच प्रश्न महाराष्ट्राने दीर्घकाळ लढवला आहे. भाव साखरेवर ठरायचा, आणि मळी, भुसा, मळीपासूनचा मद्यार्क यांचे उत्पन्न कारखान्याच्या हिशेबात कोठे मुरते ते सभासदाला कळायचे नाही. अखेर रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि प्राथमिक उपपदार्थ यांच्या एकत्रित मूल्याच्या ७० टक्के वाटा उत्पादकाला द्यावा, अशी शिफारस केली आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राने त्या धर्तीवर कायदा केला. अंमलबजावणीतील उणिवा सर्वांना ठाऊक आहेत, तथापि उपपदार्थावर उत्पादकाचा हक्क असतो हे तत्त्व कायद्यात आले. द्राक्षाच्या करारात ते का असू नये?

येथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. द्राक्षावर फवारलेल्या औषधांचा अंश सालीवर राहतो. चोथा वाळवून दळला की द्रव्याबरोबर हा अंशही एकवटू शकतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षे युरोपने नाकारली होती. निर्यातीच्या द्राक्षांसाठी तपासणीची जी कडक व्यवस्था आहे, तीच देशातील माणसाच्या तोंडी जाणाऱ्या चोथ्यालाही लावली पाहिजे. शिवाय रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाने असे अर्क डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे आहे.

पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथे रसासाठी 'मांजरी मेडिका' हे गडद रंगाचे वाण विकसित करण्यात आले, आणि रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याची बिस्किटे करण्याचे कामही झाले. म्हणजे मद्य न करताही द्राक्षाचा रस आणि चोथा दोन्ही उपयोगात येऊ शकतात, हे सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थेने दाखवून दिले आहे. शेतकऱ्याच्या हितासाठी वाईनच खपवली पाहिजे, हा युक्तिवाद तेथेच लंगडा पडतो.

मागण्या कोणत्या?

भारतात सुमारे ३१ कोटी ५० लाख प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. त्यांना पहिली गरज आहे ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित तपासणीची आणि स्वस्त, सिद्ध गोळ्यांच्या अखंड पुरवठ्याची. मीठ, तंबाखू, रात्रपाळी आणि कामाचा ताण यांचा रक्तवाहिनीवर होणारा आघात कोणत्याही कॅप्सूलने भरून येत नाही. ज्यांच्या गावात रक्तदाब मोजण्याचे यंत्र बंद पडलेले आहे, त्यांना द्राक्षबियांचे गुण सांगणे ही क्रूर थट्टा होईल.

हे ध्यानात ठेवून चोथ्याच्या प्रश्नावर काही स्पष्ट मागण्या करता येतात. मद्याच्या बाटलीवर आरोग्याचा दावा करण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मनाई आहे. ती जाहिरातीत, पर्यटनाच्या पत्रकांत आणि मंत्र्यांच्या भाषणांतही पाळली जावी. चोथ्याच्या पिठाची आणि बियांच्या अर्काची पुरेशी मोठी चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सार्वजनिक खर्चाने करावी, निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल तो प्रसिद्ध व्हावा, आणि अनुकूल असल्यास त्या प्रक्रियेवर कोणाचीही मक्तेदारी राहू नये. अबकारी सवलत घेणाऱ्या प्रत्येक वायनरीने चोथा किती निघाला आणि कोणाला विकला याचा हिशेब जाहीर करावा. द्राक्षाच्या करारात उपपदार्थांतील उत्पादकाचा वाटा नमूद व्हावा. चोथा वाळवणे आणि दळणे ही कामे उत्पादकांच्या सहकारी संस्थांकडे यावीत, त्यांत राबणाऱ्या हंगामी मजुरांना किमान वेतन मिळावे.

नाशिक, सांगली आणि पुणे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना या कामाचा आरंभ करण्यासाठी चाचणीच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या हंगामापूर्वी आपल्या भागातील वाईन द्राक्षांचे करार मिळवावेत, त्यांत चोथ्याबद्दल काय लिहिले आहे ते उत्पादकांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे. बहुतेक करारांत त्याबद्दल काहीच लिहिलेले नसेल, तर चर्चेला तेथूनच सुरुवात करावी.